लाटांना मी उगाच डोक्यावर चढवलंय का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

समुद्रगवताचं कुरण कुठे वाढेल हे वारा आणि लाटाही ठरवतात, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, त्यामुळे दोन ओळींत भागणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: समुद्रगवताला लागतो सूर्यप्रकाश, वारा आणि लाटांना मी उगाच डोक्यावर चढवून ठेवलंय. वादळं कधीमधी येतात, त्यावरून कुरण कुठे वाढेल हे ठरत नाही. आणि कॅलिफोर्नियाच्या खडकांवर गवत ऐन फेसात वाढतं, त्याचं काय?

प्रकाशाचा मुद्दा अर्धा मान्य. समुद्रगवत म्हणजे शेवाळ नव्हे. मुळं, पानं, फुलं असलेली ही वनस्पती आहे. गाळात दडलेली मुळं आणि आडवी खोडं पोसायला तिला प्रकाश बराच लागतो, पाण्याच्या पृष्ठभागावर जेवढा पडतो त्याच्या साधारण 10 टक्के तरी. म्हणून कुरण किती खोल उतरणार हे प्रकाशच ठरवतो. भूमध्य समुद्राच्या नितळ पाण्यात पोसिडोनिया नावाचं गवत 40 मीटरपर्यंत उतरतं. पण हेच गवत किनाऱ्याच्या दिशेने येताना मध्येच थांबतं आणि पुढे नुसती वाळू. तिथे पाणी उथळ, ऊन भरपूर. तुमच्या हिशेबाने सगळ्यांत दाट गवत तिथेच हवं होतं!

लाट जाते तेव्हा तिच्याखालचं पाणी जवळपास जागच्या जागी गोल फिरतं. खाली जावं तसा हा फेर लहान होत जातो आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर जवळजवळ संपतो. तळ त्याहून उथळ असला की फेर चपटा होतो आणि पाणी तळाला घासत पुढे-मागे होत राहतं. आता लाट केवढी होणार हे वारा किती जोरात, किती वेळ आणि किती लांबवर मोकळ्या पाण्यावरून वाहतो यावर अवलंबून. चिंचोळ्या खाडीत वाऱ्याला धावायलाच जागा नसते. तिथली दर 3 सेकंदांनी येणारी लाट साधारण 14 मीटर लांब, म्हणजे 7 मीटरच्या खाली सामसूम. महासागरातून दर 10 सेकंदांनी येणारी लाट दीडशे मीटरहून लांब असते. तिची हालचाल 70 मीटरवरच्या तळापर्यंतही थोडीफार पोचते. दोन्हीकडे ऊन सारखंच, पण गवताच्या वाट्याला येणारा तळ अगदी वेगळा.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटाजवळ संशोधकांनी पोसिडोनियाची किनाऱ्याकडची कड आणि लाटांमुळे तळाशी येणारा पाण्याचा वेग एकमेकांशी ताडून पाहिला. सेकंदाला 38 ते 42 सेंटिमीटर या वेगाच्या आसपास कुरण थांबत होतं.

आणि लाट गवत उपटते एवढंच चित्र डोळ्यांसमोर ठेवू नका. रोजचा त्रास वाळू हलण्याचा आहे. ती आज रोपावर चढते, उद्या मुळांखालून निघून जाते. पोसिडोनियाचं आडवं खोड वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर सरकतं. ते या हलत्या वाळूशी कुठवर झगडणार? कॅरिबियन बेटांजवळच्या कुरणांत चंद्रकोरीच्या आकाराचे वाळूचे खड्डे दिसतात. समुद्राकडच्या बाजूला उभी कापलेली कड, तिच्यातून उघडी पडलेली खोडं आणि मुळं लोंबताहेत. विरुद्ध बाजूला भराभर पसरणारी गवतं पुन्हा जम बसवताहेत. असा खड्डा हळूहळू कुरणातून पुढे सरकत राहतो. तिथे वादळ आलेलं असलंच पाहिजे असं नाही.

वादळाचं म्हणाल, तर ऑस्ट्रेलियातल्या हर्वी उपसागराचं 1992 सालचं उदाहरण घ्या. काही आठवड्यांच्या आत दोन पूर आणि एक चक्रीवादळ, आणि सुमारे 1000 चौरस किलोमीटर समुद्रगवत नष्ट. उथळ भागातलं लाटांनी उपटलं, खोल भागातलं गढूळ पाण्यात अंधाराने मेलं. त्या गवतावर जगणाऱ्या ड्युगाँग या सागरी सस्तन प्राण्यांची उपासमार झाली. प्रकाश आणि लाटा असे दोन वेगळे कप्पे तुम्ही केलेत, ते इथे टिकत नाहीत. उथळ पाण्यात तर वारा साधा वाढला तरी तळाचा गाळ उठतो आणि प्रकाश कमी होतो. उलट दाट कुरण लाटांचा जोर मोडतं, गाळ खाली बसू देतं आणि स्वतःपुरतं पाणी स्वच्छ ठेवतं. म्हणूनच एकदा गेलेलं कुरण त्याच जागी परत येणं इतकं कठीण होऊन बसतं.

कॅलिफोर्नियाचा दाखला मात्र फक्कड दिलात. ते फायलोस्पॅडिक्स नावाचं समुद्रगवत. पण ते वाळूत रुजतच नाही, खडकाला धरून राहतं. त्याच्या बियांना काटेरी आकडे असतात, ते खडकावरच्या फांद्याळ लाल शेवाळात अडकतात आणि रोप तिथेच मूळ धरतं. हलत्या वाळूचा प्रश्नच मिटला! फेसात कोणतं गवत टिकणार याची निवडसुद्धा लाटांनीच केली, असं मी म्हणेन. तुमचा दाखला माझ्याच बाजूने साक्ष देतो.

शेवटी तुम्ही लिहिलंय, पाणी स्वच्छ असेल तिथे बी टाका, उगवेल. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरचं ईलग्रास नावाचं समुद्रगवत 1930च्या दशकात रोगाने आणि 1933च्या चक्रीवादळाने नाहीसं झालं होतं. तिथे सात कोटींहून जास्त बिया टाकल्यावर आज साडेतीन हजार हेक्टरांहून मोठं कुरण उभं आहे. पाणी तिथे पुरेसं स्वच्छ होतंच. पण बिया टाकल्या त्या बाहेरच्या उघड्या समुद्रात नव्हे, बेटांच्या रांगेमागच्या आडोशाच्या उपसागरांत.