कवंडळ आणि एक रुपया

आमच्या फाटकाला एक कापडी पिशवी टांगलेली असते. सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, पों पों, आणि पिशवीत चार पोया (आमच्याकडचे पाव) पडतात. नको असतील त्या दिवशी पिशवी आत घ्यायची. पदेर सायकल न थांबवता पुढे जातो. "गेल्या आठवड्यात तर किती आवडीने खाल्ल्यात, मग आता काय झालं?" असं तो कधी विचारत नाही. गोव्यातल्या फोंड्यात पन्नास वर्षं अशा पदेराच्या भरवशावर काढलेल्या माणसाला मोबाईलवरचं 'सात दिवस फुकट' झेपत नाही, ते त्यामुळेच.

2025 ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, 27 ऑगस्टला होती. आमचं मूळ घर सत्तरी तालुक्यात. काका थकल्यामुळे माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं, सामान आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नारळ, सुपारीचा शिपटा, तवशें, निरफणस, तोरिंग इथवर मी शूर आहे. रानातल्या फळांशी मात्र माझी ओळख फक्त माटोळीखाली मान वर करून बघण्यापुरती. बाजारात बसलेल्या बाईला "हे कुठलं?" म्हणून विचारलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी विमानतळावरून थेट तिथे आलोय.

म्हणून 20 तारखेला फोटोवरून झाडं ओळखणारं एक ॲप घेतलं. सात दिवस फुकट. फक्त एक रुपया, तोही 'खातं पडताळण्यासाठी'. एक रुपया म्हटल्यावर कोण कशाला वाचत बसतं? पिन टाकला. खाली 'त्यानंतर वर्षाला 1,999' असं लिहिलेलं होतं म्हणे. ते अक्षर मला काचेवरचा ओरखडा वाटला होता.

कवंडळ नावाचं लालभडक रानफळ हातात घेऊन फोटो काढला. ॲपने क्षणभर विचार केला आणि 81 टक्के खात्रीने सांगितलं: टोमॅटो.

त्याच रात्री ॲप फोनवरून उडवलं आणि निश्चिंत झोपलो. दुकानाकडे पाठ फिरवली म्हणून वहीतली उधारी पुसली जात नाही, हे मला वाण्याच्या बाबतीत पक्कं ठाऊक आहे. फोनच्या बाबतीत सुचलं नाही.

26 ला, तयेच्या (हरतालिकेच्या) दिवशी, पहाटेच सत्तरी गाठली. दुपारी मी शिडीवर चढून तेच कवंडळ माटोळीला बांधत होतो. इतक्यात खिशात टिंग झालं. उद्या तुमच्या खात्यातून 1,999 रुपये कापले जातील. शिडी हलली. खाली ती धरायला पुतण्या होता. तो पणजीत बँकेत आहे.

"काका, आधी कळलं हेच नशीब समजा. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पैसे कापण्याआधी किमान 24 तास कळवावं लागतं."

"पण मी पिन दिलेला नाही!"

"एक रुपयाला दिलात ना? पुढची सगळी परवानगी त्यातच होती. 15,000 रुपयांपर्यंत पुन्हा पिन विचारत नाहीत."

मूळ घरात रेंज येते ती तुळशीवृंदावनाच्या डाव्या अंगाला, तेवढ्या दोन लाद्यांवर. पाऊस धो धो. एका हातात छत्री, दुसऱ्यात फोन. आधी प्ले स्टोअरमध्ये सबस्क्रिप्शनची यादी उघडली. कोरी! पैसे परस्पर कंपनीच्या पानावर यूपीआयने भरले होते, तिथे नोंद कुठून असणार? मग तेच ॲप पुन्हा उतरवून घेतलं. सेटिंग, खातं, मदत, 'योजना बदला' अशी चार दारं ओलांडल्यावर एक रडणारं रोपटं आलं. त्याच्याखाली दोन बटणं. हिरवंगार: 'मी थांबतो'. फिकट राखाडी: 'मला निसर्गाची पर्वा नाही'. ऐन चवथीच्या आदल्या दिवशी, तुळशीसमोर उभं राहून मी निसर्गाची पर्वा नसल्याचं जाहीर केलं. तर पन्नास टक्के सूट आली. तीही नाकारली, तर जाण्याचं कारण विचारलं. 'टोमॅटो' असं लिहिलं आणि रेंज गेली.

"ही लाज वाटायला लावायची युक्ती आहे ना, ती बंद आहे कायद्याने," पुतण्या ओसरीवरून म्हणाला. "2023 च्या नोव्हेंबरात सरकारने असल्या 13 युक्त्यांवर बंदी घातलीय. ग्राहक हेल्पलाईनला लावा, 1915." फोन लावायला रेंज कुठाय, हे मात्र सरकारने सांगितलेलं नाही.

शेवटी त्यानेच वाट दाखवली. ज्या यूपीआय ॲपमधून रुपया गेला, त्यातच 'ऑटोपे' नावाचा कोपरा असतो. तिथे माझं मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायची मी दिलेली परवानगी, 'चालू' म्हणून आरामात बसलं होतं. रद्द करा. पिन टाका. झालं! रेंज परतल्यावर त्याने ॲपमधलंही रद्द करायला लावलं आणि स्क्रीनशॉट घ्यायला लावला. नाहीतर कंपनी नंतर थकबाकी म्हणून मागे लागू शकते, म्हणे.

"अहो, माटोळी अर्धी लोंबतेय आणि तुम्ही पावसात कुणाशी भांडताय?" घरातून आवाज आला. मी ओला, पण विजयी. 1,999 वाचवले होते.

दीड दिवसाचा गणपती पोचवून 28 ला रात्री फोंड्याला परतलो. फाटकाला पिशवी तशीच टांगलेली. आत तीन दिवसांच्या बारा पोया, पावसात भिजून एकजीव झालेल्या, वर मुंग्या.

सकाळी पदेराला अडवलं. तो साठ रुपयांसाठी हात पुढे करून म्हणाला, "पिशवी आसली न्हय, पात्रांव?"