‘एकही एसी परत आला नाही’ म्हणणाऱ्या ‘अनुभवी फिटर’ यांस

नमस्कार.

स्प्लिट एसी बसवण्यावरच्या माझ्या लेखात मी म्हटलं होतं, की पाइपातली हवा गॅस सोडून नव्हे, व्हॅक्यूम पंपानं ओढून काढा. त्याखाली आपण लिहिलंत: “वीस वर्षं गॅस सोडूनच पाइपातली हवा काढतोय, एकही एसी परत आला नाही. पंप लावणं ही दुकानदारी आहे. पाइपांची मापं उलटी लिहिलीत. आणि मॅनिफोल्ड गेजवर खरं व्हॅक्यूम कळतच नाही. काका, आता आराम करा.”

मापांचं मान्य. पाव इंची ती लिक्विड लाइन (द्रवरूप गॅसची नळी), जाड ती सक्शन (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसची). दुरुस्त केलंय, आभार.

पण दुकानदारी? सर्व्हिसिंग सोडून मला सहा वर्षं झाली, पंप पुतण्याकडे आहे. मी विकतोय काय? मुद्दा पटला नाही तर तसं सांगा, माणसाच्या नियतीवर कशाला जाता?

आता ते ‘एकही परत आला नाही’. अहो, तुमच्याकडे आला नाही! तिसऱ्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर गेला की गिऱ्हाईक बसवणाऱ्याला शोधत बसत नाही, जो फोन उचलेल त्याला बोलावतं. रत्नागिरीला माझ्या बहिणीकडे असाच गॅस सोडून बसवलेला एसी होता. कॉम्प्रेसर मी स्वतः उतरवला. तेल काळं झालेलं आणि वास असा की डोळे चुरचुरले. बसवणाऱ्याच्या हिशेबात तोही ‘परत न आलेला’च असणार.

गॅस सोडून हवा मीही काढलीय. १९९३ साली आयटीआयतून बाहेर पडलो तेव्हा एसीत सगळीकडे आर-२२ हा गॅस होता आणि कॉम्प्रेसरात मिनरल ऑइल. लिक्विडचा वॉल्व्ह एलन कीनं जरासा उघडायचा, सक्शनचा नट सैल ठेवायचा, फुस्स झालं की आवळायचा. खपून जायचं. आज आर-३२ आणि आर-४१०ए या नव्या गॅसांच्या मशिनांत बहुतेक पीओई हे कृत्रिम तेल असतं. ते ओल शोषतं, ओलीनं त्याचं ॲसिड होतं. सोडलेला गॅस हवा ढकलेल, पण पाइपाच्या आतल्या अंगाला धरलेली ओल काढणार नाही. पंपानं आतला दाब उतरवला तरच ती उकळून निघते: ३० अंशांवर पाणी पाऱ्याच्या साधारण ३२ मिलिमीटर दाबाला उकळतं, बाहेर असतो ७६०. कोकणातल्या जूनमध्ये पाइप किती कोरडा असतो ते तुम्हीच सांगा. शिवाय कंपनीनं मोजून भरलेला गॅस तुम्ही हवेत सोडता, आणि आर-३२ थोडा का होईना पेट घेणारा आहे.

मॅनिफोल्ड गेजचं, म्हणजे पाइपांना जोडायच्या दाबाच्या घड्याळांचं म्हणाल तर काटा उणे तीस इंचांना (पाऱ्याच्या) टेकला आणि पंप बंद करून पंधरा मिनिटं तिथंच राहिला, की माझं भागतं. मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम बारकाईनं मोजणारं यंत्र) घेऊन हिंडणारा फिटर मी तरी पाहिला नाही. तो विषय इथे नको.

‘काका, आता आराम करा’ हे वाक्य मात्र मी उडवलेलं नाही. राहू दे, लोकांनाही वाचू दे.