‘बायबल उघडून पाहिलं असतं तर…’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. येशूची शिष्या मग्दालीया मरीया हिच्यावरच्या माझ्या लेखात मी म्हटलं होतं, की सहाव्या शतकातले पोप ग्रेगरी यांच्यामुळे ती वेश्या म्हणून बदनाम झाली. त्याखाली तुम्ही लिहिलंत, की ग्रेगरींनी तिला पश्चात्तापाचा आदर्श म्हणून पुढे आणलं, बदनाम करायला नव्हे. साथीने खचलेल्या रोमला त्या आशेची गरज होती. शिवाय सणाचं साल चुकलंय. आणि शेवटी, ‘ताईंनी लिहिण्याआधी बायबल उघडून पाहिलं असतं तर बरं झालं असतं.’

साल चुकलं, मान्य. मरीयेच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला सणाचा दर्जा पोप फ्रान्सिस यांच्या काळात, २०१६ साली मिळाला. १९६९ साली नव्हे. दुरुस्ती केली आहे. ते शेवटचं वाक्य मात्र मला गिळता येत नाही.

मी वसईच्या कॅथलिक घरात वाढले. बारा वर्षं रविवारी मुलांना धर्मशिक्षण दिलं. माझं बायबल पानं सुटली म्हणून दोनदा बांधून घेतलंय. आणि तुम्ही मला ते उघडायला सांगता? मतभेद जरूर असावा, पण समोर माणूस बसलंय असं समजून तरी लिहावं.

बरं, उघडूया. लूकचा ७ वा अध्याय. शिमोन नावाच्या परूश्याच्या (कर्मठ यहुदी पंथातल्या माणसाच्या) घरी एक पापी बाई येते, आसवांनी येशूचे पाय भिजवते, केसांनी पुसते. तिचं नाव लूक देतच नाही. मग्दालीया मरीया त्याच्याकडे प्रथम येते ती ८ व्या अध्यायात, नावानिशी: जिच्यातून सात भुतं निघाली होती ती. सोबत हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, आणि सुसान्ना. या बाया पदरचं खर्चून येशूची आणि शिष्यांची सोय पाहत होत्या. यात वेश्या कुठे आहे? दाखवा ना! बेथानीची मरीया तर तिसरीच, लाजाराची बहीण. ५९१ च्या प्रवचनात ग्रेगरींनी या तिघींची एक बाई केली आणि सात भुतं म्हणजे सगळे दुर्गुण, असा अर्थ लावला. पूर्वेकडच्या चर्चने हे कधी मानलं नाही. रोमनेही १९६९ च्या दिनदर्शिकेत ही सरमिसळ सोडून दिली.

माझ्या आजीचं बाप्तिस्म्याचं नाव माग्दालेना, म्हणजे मग्दालीयाच. उपवासकाळात एका प्रवचनकारांनी ‘माग्दालेनेसारख्या बायका’ असं म्हटलं, तेव्हा ती बाकावर मान खाली घालून बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, ‘नाव बाबाने ठेवलं, त्यात माझं काय चुकलं?’ मी नऊ वर्षांची होते. पुढे हे सगळं वाचलं ते त्या दिवसामुळे.

ग्रेगरींचा हेतू, साथ, रोमची अवस्था यांवर वाद घालत बसत नाही. ते थोर पोप होते हे मी लेखातही नाकारलं नव्हतं. म्हणून एकीचं पाप दुसरीच्या माथी मारावं का?

योहानाच्या २० व्या अध्यायात मग्दालीया मरीया येशूच्या कबरीबाहेर रडत उभी असते आणि समोर उभ्या पुनरुत्थित येशूला माळी समजते. तो ‘मरीये’ म्हणतो, तेव्हा ओळखते. बांधवांना निरोप सांगायला तो तिलाच पाठवतो. एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत हा अध्याय तुम्हाला एकदाही आठवला नाही. पुढच्या वेळी त्यावर लिहा, आणि ‘ताईंनी’ असं परस्पर न बोलता थेट माझ्याशी बोला.