चुना मिसळला की माती पक्की आणि शुद्ध? या दाव्याची तपासणी

‘काळ्या मातीत चुना मिसळा, मुरुमाचा खर्च वाचवा, घराचा पाया कधीच हलणार नाही आणि कारखान्याने नासवलेली जमीनही शुद्ध होईल’ अशा आशयाचा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्यात जेवढे खरे आहे, तेवढे आधी मान्य करायला हवे.

दख्खनच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. चुन्यातील कॅल्शियम त्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेते, कण एकत्र येतात आणि काही तासांतच मातीचा चिकटपणा उतरतो. टिकाऊ मजबुती मात्र चुन्याची मातीतील सिलिका व ॲल्युमिनाशी क्रिया होऊनच येते. त्या क्रियेला कित्येक आठवडे लागतात, शिवाय मिश्रणाचा सामूही (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता मोजणारा आकडा) १२.४ च्या आसपास, म्हणजे अतिअल्कली, लागतो. मिसळण्यापूर्वी उघड्यावर पडून राहिलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून निकामी होतो. वाळूसर मातीत तर चुन्याशी क्रिया करायला पुरेशी चिकणमातीच नसते. तिथे सिमेंट अधिक उपयोगी पडते.

‘पाया कधीच हलणार नाही’ हे विधान खोलीचा हिशेबच विसरते. रस्त्याखाली चुन्याने सुधारलेला एक थर साधारणपणे १५ ते ३० सेंटिमीटर जाडीचा असतो, तर जाड थराच्या काळ्या मातीत ओलावा ऋतूनुसार सुमारे साडेतीन मीटर खोलीपर्यंत बदलतो, आणि घराच्या भिंतींना तडे जातात ते या खालच्या हालचालीमुळे. तळाशी फुगवटा असलेले पायाचे खांब (अंडर-रीम्ड पाइल) अशा जमिनीत त्या खोलीपर्यंत नेतात, ते याचसाठी. कालव्यांसाठी आयआयटी मुंबईच्या आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत विकसित केली. तिथेही बाहेरून माती आणावीच लागते.

मातीत जिप्समसारखे सल्फेट असेल, तर चुना उलट बाधतो. अमेरिकेतील लास व्हेगासचा स्ट्युअर्ट ॲव्हेन्यू हा रस्ता चुन्याने सुधारलेल्या थरावर बांधल्यावर साधारण दोन वर्षांतच फुगून खराब झाला. सल्फेट, चुना आणि चिकणमाती यांपासून तयार झालेले एट्रिंगाइट हे फुगणारे खनिज त्याचे कारण होते. म्हणून चाचणीवाचून चुन्याचे प्रमाण सांगणाऱ्याचे ऐकू नये. फुगण्याची प्राथमिक चाचणी तर अगदी साधी आहे: चाळून वाळवलेली १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसरीत रॉकेलमध्ये टाकायची, २४ तासांनी दोन्हींचे घनफळ मोजायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. सल्फेट मात्र प्रयोगशाळेतच तपासावे लागते.

सर्वांत घातक आहे तो शुद्धीकरणाचा दावा. चुना किंवा सिमेंट जड धातू नष्ट करत नाही, फार तर त्यांना जागीच बांधून ठेवते, आणि तेही सर्वांना नाही. शिसे अतिअल्कली वातावरणात पुन्हा विरघळू लागते. तमिळनाडूतील राणीपेटसारख्या ठिकाणी पडून राहिलेल्या कारखान्याच्या कचऱ्यातील सहा संयुजेचे क्रोमियम (या धातूचे विषारी रूप) सामू वाढवूनही पाण्यात फिरतच राहते. आधी फेरस सल्फेटसारख्या क्षपणकाने (संयुजा कमी करणाऱ्या रसायनाने) त्याचे तीन संयुजेचे रूप करावे लागते. त्यानंतरही पाझरणाऱ्या पाण्याची चाचणी, वरून अभेद्य आच्छादन आणि भोवतालच्या विहिरींवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणे चुकत नाही.