तेरच्या पोरांना रोम कशाला?

"रोम जळालं काय नि वाचलं काय, आपल्या पोरांना त्याचं काय? आधी आपला इतिहास शिकवा. जगाच्या इतिहासानं पोट भरत नाही, आणि सनावळ्या तर मोबाईलवर सापडतात." हा मजकूर सध्या मराठवाड्यात जो तो पुढे पाठवतोय. मला तो मुळातच चुकीचा वाटतो.

'आधी आपला' हे ठीक, पण आपला म्हणजे कुठवरचा? धाराशिव जिल्ह्यातलं तेर घ्या. पहिल्या शतकात व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या एका ग्रीक पुस्तकात त्याचं नाव तगर असं आलंय. इथलं कापड आणि पैठणचे मौल्यवान दगड गाड्यांवर लादून भडोचला जायचे, तिथून जहाजांनी पश्चिमेला. तेरला एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत निघाली, इ.स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखालून. रोमचं गिऱ्हाईक वगळून तेरची भरभराट पोरांना कशी समजावणार? आपण जेवतो ती ज्वारीसुद्धा मुळात आफ्रिकेतली, आणि ठेच्यातली मिरची पोर्तुगीजांबरोबर आलेली.

पोटाचं म्हणाल, तर कापसाकडे बघा. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईत भाव आभाळाला भिडले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले. भाव चढते असताना ज्यांनी कर्ज काढलं होतं ते अडकले. १८७५ ला पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. आज लातूरच्या आडतीत सोयाबीनचा भाव पडला की ब्राझीलच्या पिकाचा विषय निघतो. शेतकऱ्याच्या पोराला हे कळायला नको?

मोबाईलवर सनावळी मिळते, खरं आहे. पण १८६१ आणि १८७५ यांची गाठ कुठे बसते, हे कुणीतरी शिकवल्याशिवाय शोधायचंसुद्धा सुचत नाही.

एक तक्रार मात्र मी मान्य करतो. जगाचा इतिहास म्हणून पोरांच्या हाती बहुतेक युरोपच पडतो. मग तो काढून टाकण्यापेक्षा वाढवा. १६१० मध्ये खडकी वसवणारा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा पाया घालणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि अरबस्तान, बगदाद करत दख्खनला पोचला. नहर-ए-अंबरी, म्हणजे त्यानं या शहराला पाणी आणायला बांधलेली नहर, दाखवायला पोरांना नेलंत, तर ती सगळी वाट नकाशावर बोट ठेवून दाखवा.