खोकल्याची तोडी

रविवारी सकाळी साडेसहा वाजता अण्णा माझ्या उशाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, ती तोडी लाव."

"कुठली?"

"ती रे, खोकल्याची."

परक्या माणसाला वाटेल म्हाताऱ्याला औषध हवंय. पण आमच्या घरात गाण्याची खूण अशीच सांगतात. गिरगावातल्या एका चाळीत कधीकाळी एका बुवांची तोडी रागाची खासगी बैठक झाली होती. ती कुणीतरी स्पूलवर धरली, स्पूलवरून कॅसेटवर उतरवली आणि त्या कॅसेटच्या कॅसेटची कॅसेट अण्णांपर्यंत पोचली. विलंबित ऐन रंगात आलंय, बुवा कोमल धैवतावर थांबलेत, आणि तेवढ्यात श्रोत्यांमधले एक गृहस्थ खोकतात. बुवा क्षणभर गप्प होतात, हसतात आणि तोच धैवत पुन्हा लावतात. हा दुसरा धैवत पहिल्यापेक्षा सरस आहे, असं अण्णांचं मत. "त्या खोकल्याचे उपकार आहेत आपल्यावर," हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतोय.

ही कॅसेट मीच २००६ साली टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकात वायर घालून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. म्हणजे ती माझ्याकडे आहे. फक्त कुठे आहे ते माहीत नाही.

माझ्याकडे १४,००० फाइली आहेत, एकूण ९० जीबी. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीचं एक मिनिट साधारण एक एमबी जागा खातं. त्या हिशेबाने नव्वद हजार मिनिटं झाली, म्हणजे जेवण-झोप सोडून ऐकत बसलो तर दोन महिने. प्रत्यक्षात मी तीच चाळीस गाणी ऐकतो. बाकीची नुसती सांभाळतो, आमच्याकडे माळ्यावर आहेरातल्या परातींची चळत सांभाळली जाते तशी.

१९९७ साली विनअ‍ॅम्प हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा जगणं सोपं होतं. काळपट पट्टी, हिरवे आकडे, खाली नाचणारे दांडे. त्याची कातडी, म्हणजे पडद्यावरचं रूप, बदलता यायची. आम्ही गाणं पाच मिनिटं ऐकायचो आणि कातडी तासभर बदलायचो. पण तेव्हा गाणी होती साठ, आणि साठ गाण्यांना लायब्ररी लागत नाही. २०१३ साली ते बंद होणार असं जाहीर झालं. दोनच महिन्यांत ते दुसऱ्यांनी विकत घेतलं आणि ते तगलं, पण तोवर मी घाबरून घर सोडलं होतं.

मग सुरू झाली वणवण. एका प्लेअरला म्हटलं, बाबा रे, लायब्ररी बनव. त्याने सगळ्या गाण्यांची एकेक प्रत काढून आपल्या फोल्डरात नेऊन ठेवली. ९०चे १८० जीबी झाले आणि कॉम्प्युटरने श्वास सोडला. दुसऱ्याने न विचारता सगळी डिस्क धुंडाळली आणि आवाज म्हणून जे जे सापडलं ते गाणं मानलं. त्याच वर्षी गणपतीत पाहुणे बसलेले असताना एका अभंगानंतर स्पीकरमधून बायकोचा खणखणीत आवाज आला, "येताना अर्धा किलो भेंडी आणा, आणि कोवळी बघून आणा, मागच्यासारखी नको." पडद्यावर लिहिलं होतं, कलाकार अज्ञात. पाहुण्यांपैकी एकालाही कलाकार अज्ञात नव्हता.

व्हीएलसी वाट्टेल ते वाजवतं. सीडीवरच्या ओरखड्याची फाइल केली तर बहुधा तीही वाजवेल. पण त्याचा तो नारिंगी शंकू पाहिला की पुढे रस्ता खणलाय असं वाटून हात आपोआप ब्रेककडे जातो. शेवटी फूबार२०००पाशी येऊन थांबलो. पीटर पावलोव्स्की नावाच्या प्रोग्रामरने २००२ साली हे काढलं. दिसायला बँकेचं पासबुक. पण हलकं, मुकाट काम करणारं आणि म्हणाल तो रकाना पाडून देणारं. हा शेवटचा गुण माझ्या मुळावर आला.

कारण रकाना पाडला की तो भरावा लागतो.

एमपीथ्री फाइलीच्या शेपटीला तिची माहिती चिकटवायची पद्धत १९९६ साली निघाली. नाव आयडीथ्री. एकूण १२८ बाइटची चिठ्ठी, म्हणजे टॅग, त्यात गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. तिकडे चार पोरांच्या बँडला एवढं पुरत असेल. मी उत्साहाने रोमन लिपीत 'भारतरत्न पंडित भीमसेन जोशी' असं टंकलं. अक्षरं भरली ३२. शेवटची दोन गळाली आणि पंडितजी 'भीमसेन जोस' होऊन थेट मडगावचे झाले. मग देवनागरीत लिहून पाहिलं. त्या चिठ्ठीला देवनागरी कळत नाही. कलाकाराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटली, जणू मलाच विचारत होती की गातंय कोण. पुढे या पद्धतीची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात जागाही ऐसपैस आहे आणि देवनागरीही चालते. पण माझ्या निम्म्या फाइली पहिलीतच अडकल्यात.

त्यात पदव्या. कुणी पंडित लिहितं, कुणी पं., कुणी रोमनमध्ये पीटी, पुढे टिंब देऊन किंवा न देता. प्लेअरच्या लेखी हे चार वेगळे गवई. सगळे पंडित 'प'त गर्दी करून बसलेले, सगळे उस्ताद 'उ'त, आणि किशोरीताई 'गानसरस्वती' म्हणून एकट्याच 'ग'मध्ये. एका सुट्टीत बसून मी सगळ्या पदव्या काढून टाकल्या. यादी लखलखीत झाली. अण्णांनी चष्मा वर करून ती पाहिली.

"पंडित कुठं गेलं?"

"अण्णा, ते यादीला सोयीचं जातं."

"तुझ्या सोयीसाठी त्यांची पंडितकी काढलीस?"

पुढच्या सुट्टीत मी ६०० फाइलींना पंडितकी परत केली.

टॅग आपोआप लावणारी एक करामतही करून पाहिली. बालगंधर्व म्हणजे नारायणराव राजहंस, सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, छोटा गंधर्व म्हणजे सौदागर गोरे आणि कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकळी, हे आपल्याला ठाऊक. त्या करामतीला आडनाव तेवढं दिसलं. तिने चौघांना एक केलं. १८८८ साली जन्मलेला हा एकच गृहस्थ आता शालू नेसून नाट्यपदं गातो, किराणा घराण्याची तालीम देतो आणि शंभरी ओलांडून निर्गुणी भजनंही म्हणतो.

सगळ्यात मौज शैलीच्या रकान्याची. जुन्या आयडीथ्रीत शैली लिहायची नसते, आकडा द्यायचा असतो. मूळ यादीत ८० शैली. पोल्का आहे, डेथ मेटल आहे, ख्रिश्चन रॅपसुद्धा आहे. ख्याल नाही, ठुमरी नाही, पोवाडा नाही. त्यांच्यासाठी १२ नंबर, 'इतर'. बरं, शून्य नंबरला ब्लूज. त्यामुळे कुणी काहीच न भरता शून्य तसाच राहू दिला, तर ती फाइल जन्मजात ब्लूज. माझ्याकडचं नारदीय कीर्तन ब्लूज आहे. आजोबांच्या आवाजातली रामरक्षा ब्लूज आहे.

आणि ती तोडीही ब्लूजमध्येच असणार, हे रविवारी दुपारी माझ्या डोक्यात आलं.

तोवर मुलगी म्हणाली होती, "बाबा, अ‍ॅपवर टाक ना, सगळं असतं." टाकलं. तोडी ढिगाने आल्या, एकाहून एक स्वच्छ. अण्णांनी प्रत्येकीला अर्धा मिनिट दिला आणि म्हणाले, "यात कुणी खोकत नाही."

ब्लूज, कलाकार अज्ञात, अशा ११०० फाइली निघाल्या. नावं ट्रॅक ०१, ट्रॅक ०२. साठची कॅसेट, म्हणजे एक बाजू तीस मिनिटांची. लांबीचा रकाना लावला आणि एकोणतीस ते एकतीस मिनिटांच्या तेवढ्या उरवल्या. राहिल्या ४७. एकेक ऐकायला बसलो. मधल्या काही बाजूंचे मी तेव्हा हौसेने तुकडेही पाडले होते, ते वेगळेच. एमपीथ्री करताना फाइलीच्या मागेपुढे थोडी शांतता चिकटते. काही प्लेअर ती हिशेबाने कापतात, पण माझ्या २००६च्या फाइलींत तो हिशेबच लिहिलेला नव्हता. तबलजी तिहाई घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायला निघतो, फाइल संपते, उचकी लागावी एवढी गप, आणि सम पुढच्या फाइलीत. शेजारी बसलेल्या अण्णांनी मांडीवर मारायला उचललेला हात प्रत्येक वेळी हवेतच राहायचा. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर ते उठून आत गेले.

लोक बैठकीत किती खोकतात याची मला कल्पना नव्हती. भूपात खोकतात, मारव्यात खोकतात, एका ललतात तर तंबोरे जुळवतानाच दोघं सुरू होतात. मी प्रत्येक खोकला मागे नेऊन पुन्हा ऐकत होतो. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "अहो, सकाळपासून कोण एवढं खोकतंय? काढा करू का?"

मंगळवारी रात्री सापडली. ट्रॅक ०३. तोडीच, बुवांचाच आवाज, धैवत, आणि ११ मिनिटं ४० सेकंदांवर खोकला. मी तिथल्या तिथे शेऱ्याच्या रकान्यात 'खोकला ११:४०' असं लिहून टाकलं, आयुष्यात पहिल्यांदाच एखादा टॅग अचूक भरल्यासारखा.

बुधवारी सकाळी साडेसहाला अण्णांना खुर्चीत बसवलं, स्पीकर त्यांच्याकडे वळवला आणि तोडी लावली. ते डोळे मिटून ऐकत होते. अकरा मिनिटं झाली. बुवा धैवतावर आले. गृहस्थ खोकले.

अण्णांनी डोळे उघडले.

"हा तो नव्हे."

"अण्णा, तोडी आहे, बुवा आहेत, धैवत आहे..."

"अरे, हा कोरडा आहे. तो ओला होता."