"इटलीत बजेट हनिमून विसरा" म्हणे! बरं, एकेक मुद्दा घेऊया

आमच्या भावंडांच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. तुमच्याकडेही आला असेल, वर गोंडोलाचा फोटो आणि खाली लाल अक्षरात "इटली हनिमून: हे वाचल्याशिवाय बुकिंग करू नका". ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. व्हेनिसमधे राहणं म्हणजे पैसे पाण्यात, पुलापलीकडे जमिनीवरच्या मेस्त्रे या भागात राहा. रोममधे टर्मिनी स्टेशनजवळ सोडून काही परवडत नाही. अपार्टमेंट हॉटेलपेक्षा कायम स्वस्त. कॉन्व्हेंटमधे, म्हणजे नन्स चालवतात त्या मुक्कामाच्या जागांत, जोडप्यांना घेत नाहीत. रेटिंग चांगलं असलं की डोळे झाकून बुक करा. नोव्हेंबर-डिसेंबरात जाऊच नका, सगळं पाण्याखाली असतं. आणि शेवटी, पॅकेज नसेल तर व्हिसा विसरा. माझी मावसबहीण, जिचं लग्न येत्या मार्गशीर्षात आहे, ती हे वाचून बालीचे रेट काढायला लागली. बाली छानच आहे हो, पण आवडलं म्हणून जावं, घाबरून कशाला? आम्ही दोघांनी लग्नानंतर रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस स्वतः बुकिंग करून केलंय, त्यात चुकाही भरपूर केल्यात, म्हणून लिहितेय.

सुरुवात मुद्दाम सहाव्या मुद्द्यापासून करते, कारण सगळी गोम तिथेच आहे. "नोव्हेंबर-डिसेंबरात जाऊ नका." अहो, मग आपण जायचं कधी? आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, म्हणजे बहुतेक वेळा नोव्हेंबरात, आणि नेमका तेव्हाच इटलीतल्या या शहरांचा सीझन संपलेला असतो. १ नोव्हेंबरची त्यांची सुट्टी झाली की ख्रिसमसच्या आठवड्यापर्यंत खोल्यांचे भाव खाली असतात, मधे फक्त ८ डिसेंबरच्या सुट्टीच्या आसपास ते थोडे चढतात तेवढे दिवस टाळायचे. आम्ही राहिलो तीच व्हेनिसची खोली मी नंतर गंमत म्हणून जूनच्या तारखा टाकून बघितली तर दुपटीच्या वर गेली होती, खोली तीच, पलंग तोच, खिडकीतून दिसणारी शेजारणीची वाळत घातलेली चादरसुद्धा बहुतेक तीच. म्हणजे ज्या वेळी आपली लग्नं होतात त्याच वेळी तिकडे स्वस्ताई असते आणि हा फॉरवर्ड आपल्याला सांगतोय की तेवढं सोडून जा!

आता पाण्याचं. त्यात जो गुडघाभर पाण्याचा फोटो आहे तो नोव्हेंबर २०१९ चा आहे, तेव्हा १२ तारखेला भरती १८७ सेंटिमीटरपर्यंत गेली होती, १९६६ नंतरची सगळ्यात मोठी. ते खरंच भयंकर होतं. पण ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या तोंडाशी भरतीचं पाणी अडवणारे मोझे नावाचे दरवाजे वर उचलले जातात, साधारण ११० सेंटिमीटरच्या वर भरतीचा अंदाज असला की. व्हेनिसचा मुख्य सान मार्को चौक सखल आहे त्यामुळे तो त्याहून कमी भरतीतही ओला होतो, पण ही भरती आहे, आली तशी काही तासांत ओसरते, मुंबईकरांना तरी हे समजावून सांगायला नको. थंडीचं म्हणाल तर तिकडे घरांमधल्या हीटिंगच्या तारखा कायद्याने ठरलेल्या असतात, व्हेनिसमधे १५ ऑक्टोबरपासून, रोम-फ्लॉरेन्समधे १ नोव्हेंबरपासून, नेपल्सला १५ नोव्हेंबरपासून, आणि खोलीतलं तापमान २० डिग्री, फार तर २ डिग्री वर. २० डिग्री म्हणजे आपली पुण्याची डिसेंबरमधली छान सकाळ, गोधडी असली की झालं.

उगाच गोड गोड नको सांगायला, तोटेही आहेत. साडेचार-पावणेपाचला सूर्य मावळतो, व्हेनिसमधे धुकं असतं, आणि पोझितानो, काप्री वगैरे समुद्राकडची बरीच हॉटेलं तेव्हा चक्क बंद असतात. त्यामुळे हिवाळ्यात शहरंच करा, निळ्या समुद्राचे फोटो हवे असतील तर मग खरंच मे-जून आणि मग खिसा रिकामा, तिथे फॉरवर्डशी माझं भांडण नाही.

"व्हेनिसमधे राहू नका, मेस्त्रेत राहा." हा मुद्दा अर्धा खरा आहे म्हणून जास्त डेंजर. मेस्त्रेहून व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनला ट्रेनने दहा-बारा मिनिटं लागतात, तिकीट दीड युरोच्या आसपास, खोली मोठी आणि स्वस्त मिळते, हे सगळं खरं. पण हनिमूनला गेलाय ना तुम्ही? दिवसभर व्हेनिस ही जत्रा असते, दादरच्या पुलावर संध्याकाळी सातला उभं राहिल्यासारखं. संध्याकाळी दिवसापुरते आलेले लोक परत जातात आणि मग गल्ल्यांमधे फक्त आपल्याच पावलांचा आवाज येतो, कुठेतरी पाणी भिंतीला लागून चुळुक करतं, एखाद्या पुलावर आपण दोघंच. तेवढ्यासाठीच तर व्हेनिस! आणि नेमकं त्याच वेळी मेस्त्रेवाले घड्याळ बघत स्टेशनकडे निघालेले असतात, थंडीने थकलेले, उद्या परत यायचंय म्हणत. ज्यांची पहाटेची फ्लाइट आहे किंवा जे ऐन जुलैत जातायत त्यांनी राहावं मेस्त्रेत. बाकीच्यांनी तीन रात्री मेस्त्रेऐवजी दोन रात्री व्हेनिसमधे राहावं, हिशोब बराचसा जुळतो.

फक्त व्हेनिसमधे कुठे, हे महत्त्वाचं. सान मार्कोच्या आसपास बघूच नका. कान्नारेजो, कास्तेल्लोचा पूर्वेकडचा भाग, दोर्सोदूरो, इथे छोटी कुटुंबाने चालवलेली हॉटेलं असतात. आणि बॅगांचा विचार आधी करा. आपलं सामान म्हणजे २३-२३ किलोच्या दोन बॅगा, त्यात आईने दिलेला चिवडा, आणि व्हेनिसमधे चारशेच्या वर पूल, प्रत्येकाला पायऱ्या, रिक्षा नाही, टॅक्सी म्हणजे बोट. वापोरेत्तोचं, म्हणजे तिथल्या पाण्यातल्या बसचं, एक तिकीट माणशी साडेनऊ युरो, म्हणजे दोघांचे जाऊन-येऊन ३८ युरो नुसते बॅगांपायी. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, पण नशिबाने आमचं हॉटेल स्टेशनमधून बाहेर पडून डावीकडे लिस्ता दी स्पान्या या रस्त्यावर होतं, पोंते देल्ले गुल्ये हा पूल यायच्या अलीकडे. म्हणजे एकही पूल न चढता थेट दारात! त्या रस्त्यावर दुकानांचा गोंगाट आहे, रोमँटिक वगैरे अजिबात नाही, पण खोली मागच्या बाजूला होती आणि वर गच्चीवर लाकडी मचाण होतं, त्याला तिकडे अल्ताना म्हणतात, पूर्वी कपडे वाळत घालायला वापरायचे. संध्याकाळी स्वेटर घालून तिथे बसलो, खालून सात वाजता चर्चच्या घंटा. कॅनॉल व्ह्यूचे जास्तीचे पैसे न भरता जे मिळालं ते हे.

हां, आणि एंट्री फीचा बाऊ केलाय त्यात. २०२४ पासून व्हेनिस वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांकडून ५ युरो घेतं, २०२५ मधे ऐनवेळी काढलं तर १० केलं. मुक्कामाला राहणाऱ्यांना ती भरावीच लागत नाही, फक्त ऑनलाइन सूट नोंदवायची. मेस्त्रे त्याच महापालिकेत येतं म्हणून तिथल्यांनाही सूट, पण जवळच्या पादोव्हा शहरात खोली घेऊन त्या दिवसांत आलात तर भरावी लागते. हिवाळ्यात हा विषयच नाही.

"रोममधे टर्मिनीजवळच परवडतं." टर्मिनीजवळ चांगली हॉटेलं आहेत, वाईटही आहेत, पण रात्री जेवून परत येताना तो परिसर कोणाला रोमँटिक वाटला असेल तर मला भेटवा. तिथून चालत मोंती या भागात जाता येतं, तिथे भाव थोडे जास्त. आम्हाला सापडलं ते गार्बातेल्ला. हे नाव पॅकेजवाल्यांच्या तोंडून कधी ऐकणार नाही. १९२० साली पायाभरणी झालेली कामगारांची वसाहत, गेरूच्या रंगाच्या बुटक्या इमारती, मधे सामायिक अंगणं, अंगणात दोऱ्यांवर कपडे, मांजरी, लिंबाची झाडं. आपल्या गिरगावातल्या वाड्यांना कोणीतरी इटलीत नेऊन ठेवलंय असं मला वाटलं, नवरा म्हणाला काहीही तुझं. मेट्रोने कोलोसियम तीन स्टेशनं, तिकीट दीड युरो. खाली कॉफीवाल्याने दुसऱ्या दिवसापासून ऑर्डर विचारणं बंद केलं, दिसलो की दोन कापुचिनो लावायचा. टर्मिनीला हे झालं असतं? मला नाही वाटत.

"अपार्टमेंट कायम स्वस्त." चार मित्र पाच रात्री राहणार असतील तर हो. दोघं, दोन-तीन रात्री असतील तर साफसफाईची एकरकमी फी तेवढ्याच रात्रींवर पडते आणि हिशोब उलटा होतो. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून प्रत्येक टुरिस्ट जागेला सीआयएन नावाचा राष्ट्रीय कोड लागतो आणि तो जाहिरातीत दिसायला हवा, नसेल तर पुढे व्हा. किचन हवं असेल तर गोष्ट वेगळी, माझ्या एका शुद्ध शाकाहारी मैत्रिणीने फ्लॉरेन्समधे भाजणीचं थालीपीठ लावलं होतं.

कॉन्व्हेंटबद्दल सरळ चुकीची माहिती आहे. नन्स चालवतात त्या जागांना कासे पेर फेरिए म्हणतात, रोममधे पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी जोडप्यांना खोली मिळते, धर्मही विचारत नाहीत. स्वच्छ, शांत, कधी कधी आत बाग. पण रात्री गेट ठरलेल्या वेळेला बंद होतं आणि पलंग बहुतेक वेळा वेगवेगळे. हनिमूनला एखादी रात्र ठीक, सगळा मुक्काम नको, एवढंच माझं मत.

पलंगावरून आठवलं, "रेटिंग बघून डोळे झाकून बुक करा". अजिबात नको, इथे आम्ही आपटलोय. इटालियनमधे दोघांच्या खोलीला दोन शब्द आहेत. कामेरा मात्रिमोनियाले म्हणजे एक मोठा पलंग, आणि दोप्पिया म्हणजे बऱ्याचदा दोन सिंगल. आपल्याला मॅट्रिमोनियल म्हटलं की स्थळं आठवतात, तिकडे पलंग! मी फ्लॉरेन्सला दहा युरो वाचवायला दोप्पिया घेतली. मालकीणबाईंनी दोन पलंग जोडून दिले, वर एक चादर, दिसायला झकास, पण खाली गुळगुळीत फरशी. पहाटे तीनला पलंगांनी फारकत घेतली आणि नवरा मधल्या फटीत. हसून हसून पुरेवाट, पण दुसऱ्या रात्री आम्ही एकाच सिंगलवर झोपलो. खोली ओल्त्रार्नोत होती, नदीच्या पलीकडे, भाग अप्रतिम, संध्याकाळी चालत प्याझाले मायकलअँजेलोला गेलं की सगळं फ्लॉरेन्स पायाशी, तेही फुकट, मग व्ह्यूवाल्या खोलीचे पैसे कशाला? पण इमारत जुनी, चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि हे लिस्टिंगमधे लिहिलेलं होतं बरं का, मीच वाचलं नव्हतं.

दुसरा सापळा बाथरूमचा. "प्रायव्हेट बाथरूम" लिहिलेलं असतं आणि पुढे बारीक अक्षरात "बाहेर", म्हणजे बाथरूम फक्त तुमचंच पण पॅसेज ओलांडून, टॉवेल गुंडाळून. नव्या नवरीला हे कोणी आधी सांगावं ना! एक दिलासा, इटलीत १९७५ च्या नियमानुसार घराच्या बाथरूममधे बिडे, म्हणजे धुवायला नळ असलेलं बसकं बेसिन, लागतो, त्यामुळे पाण्यावाचून अडत नाही. युरोपात बाकी ठिकाणी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

आणि अॅपवर दिसतो तो भाव शेवटचा नसतो. सिटी टॅक्स वेगळा, माणशी, रात्रीला, बऱ्याचदा काउंटरवर भरायचा. रोमला तीन स्टार हॉटेलात ६ युरो, म्हणजे दोघांचे तीन रात्रींचे ३६, युरो शंभर रुपये धरला तर ३६०० रुपये. चार स्टारला साडेसात. फॉरवर्डमधे याचा उल्लेखही नाही, जो खरं म्हणजे हवा होता.

राहता राहिला व्हिसा. पॅकेज लागत नाही. राहण्याचं बुकिंग, तिकिटं, किमान ३०,००० युरोचा इन्शुरन्स, पैशांचे कागद, आणि ९० युरो फी, शिवाय व्हिसा सेंटरचा चार्ज. बुकिंग फुकट कॅन्सल होणारं घ्या म्हणजे व्हिसा लांबला तरी नुकसान नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे लग्नाच्या आधीच, आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा असला तर तसाच राहू दे, तिकीट आणि हॉटेल त्याच नावाने काढायचं. याउलट पॅकेजमधलं "व्हेनिस" बऱ्याचदा मेस्त्रेतच निघतं, पत्ता मागून बघा.

हे सगळं मावसबहिणीला पाठवलं. रात्री साडेअकराला तिचा रिप्लाय आला: "ताई, बाली कॅन्सल. ते मचाणवालं हॉटेल कुठलं? आणि पलंग एकच आहे ना?"